‘लिवलं का, बाई?’ : गडचिरोलीतले पाच दिवस

ताई आवाज शिकवते. गाणं नाही, आवाज. श्वास कुठून घ्यायचा, वाक्य कुठे टेकवायचं, भीतीनं घसा आवळला तर काय करायचं. नाटकवाल्यांना शिकवता शिकवता ती कधीतरी गावांकडे वळली. खाण, धरण, कारखाना असं काही येऊ घातलेल्या गावांत जाऊन ती लोकांकडून जनसुनावणीत बोलण्याची तयारी करून घेते.

तिचा एक एकपात्री प्रयोग आहे. टेबल, खुर्ची, फाइल, बस्स. माहिती अधिकारात मिळवलेली सुनावण्यांची इतिवृत्तं ती कारकुनी सुरात वाचत जाते. एका महिलेने पाण्याबाबत विचारणा केली, अशा थाटाची ओळ आली की ती फाइल मिटते, उठते आणि ती बाई खरं काय काय बोलली असेल ते सात मिनिटं बोलते. मग परत खुर्चीत बसून पुढची ओळ. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मध्यंतरातला चहा प्यायला उठलेच नाही.

यंदा जानेवारीत ती गडचिरोलीला निघाली आणि मला म्हणाली, चल. मी बँकेत सव्वीस वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई. आवाजाचं मला काही कळत नाही. पण अक्षर बरं आहे आणि लिहिण्याचा वेग चांगला. ‘तेच पाहिजे,’ ती म्हणाली. का, ते पाचव्या दिवशी कळलं.

पहिला दिवस : नागपूर ते वडसा

नागपूरला पहाटे उतरलो, तर्री-पोहे खाल्ले. ताईनं तर्री नको म्हणून सांगितलं आणि पोहेवाल्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख उमटलं. घशासाठी पथ्य, असं समजावून झाल्यावर त्यानं मला दुप्पट वाढली.

उमरेड, भिवापूर, नागभीड करत ब्रह्मपुरीपर्यंत रस्ता सरळ आहे. नागभीड सोडलं की मुलूख बदलतो. कापूस मागे राहतो, धान सुरू होतं. शेताला इथं बांधी म्हणतात. कापलेल्या धानाचे पुंजणे बांध्यांमधून उभे होते आणि काही ठिकाणी मळणी चालली होती. धान उभं असतानाच खालच्या ओलीवर लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, टाकतात. तिचं कोवळं हिरवं पसरलेलं पाहून ड्रायव्हरनं लाखोळीच्या पाल्याच्या भाजीवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. वाळवून ठेवतात, वर्षभर पुरते, तुमच्याकडे मिळत नाही ना जी? नाही मिळत. ‘मंग काय खाता?’

वडशाला, म्हणजे देसाईगंजला, मुक्काम एवढ्यासाठीच की ताईला झाडीपट्टीचं नाटक पाहायचं होतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग म्हणजे झाडीपट्टी, आणि तिच्या रंगभूमीची पेठ म्हणजे वडसा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्याबरोबर नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. दिवसा पट, रात्री नाटक. गावात नाटक असलं की लेकीबाळी, जावई, सोयरे सगळे मुक्कामाला येतात, आणि लग्नंही तिथंच जुळतात म्हणे.

आम्ही गेलो ते गाव वडशापासून अर्ध्या तासावर. कापडी कनाती, वर मोकळं आभाळ, आणि थंडी अशी की बोटं वळेनात. शाल होती, पण खालून जमीन चावत होती. शेजारच्या आजींनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या बुडाखालचं अर्धं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, ओढून माझ्याकडे सरकवलं. ‘बसा जी. खुर्चीत थंडी लागते, खाली ऊब असते.’ खुर्चीचं तिकीट काढलेल्या आम्ही दोघी रात्रभर तणसावर बसलो.

दहाचं नाटक अकराला सुरू झालं. कर्जात बुडालेला शेतकरी, दोन भाऊ, एक वाईट सावकार, त्याहून वाईट सावकाराचा मेहुणा. मध्ये गाणी, मध्ये लावणी, मध्ये विनोदी पात्राचा अर्धा तास, ज्यात त्यानं गावच्या सरपंचालाही सोडलं नाही. दोनच्या सुमारास मी पेंगले. जाग आली ती हुंदक्यांनी. थोरला भाऊ रंगमंचावर मरत होता आणि सगळी कनात रडत होती. माझ्या आजी तर पदर तोंडात धरून. मला कथानकाचा मधला तुकडाच माहीत नव्हता, तरी रडू आलं.

ताईचं लक्ष मात्र रंगमंचावर नव्हतंच. ती विंगेकडे पाहत होती. तिथं मफलर गुंडाळलेला एक माणूस हातात वही आणि टॉर्च घेऊन बसला होता आणि सगळ्यांची सगळी वाक्यं कुजबुजत होता.

साडेचारला पडदा पडला.

*जाणार असाल तर :* नाटकाला शाल पुरत नाही, सतरंजी आणि कानटोपीही घ्या. दुपारी झोप काढून ठेवा. आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. लोकांनी मोठं आंदोलन करून ती आणली, तेव्हा ‘कुठे मिळेल का’ हा प्रश्न गमतीतही विचारू नका.

दुसरा दिवस : वडसा ते गडचिरोली

बाराला उठलो. वडशात नाट्यमंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत, दारावर नटनट्यांचे फोटो असलेले फलक, आत गावोगावचे लोक तारखा ठरवायला बसलेले. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्याचा अभिमान इथं चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतो.

त्या टपरीवरच कालचा मफलरवाला भेटला. आलुबोंडा खात होता. ताईनं त्याला गाठलंच.

‘नाटक मीच करतो जी,’ तो म्हणाला. ‘ते फक्त तोंड हालवतात.’

हसून झाल्यावर खरं सांगू लागला. हंगामात कलाकार रोज वेगळ्या गावात, कधी वेगळ्या नाटकात. तालमीला सवड कमी. म्हणून प्रॉम्प्टर लागतो. पण नुसतं वाचून भागत नाही. नट श्वास घेतो त्या क्षणी पुढच्या वाक्याची शेपटी त्याच्या हातात द्यायची. आधी दिली तर गोंधळतो, उशीर झाला तर पडतो. काही नटांना पहिला शब्द पुरतो, काहींना अख्खं वाक्य लागतं. आणि आपला आवाज असा ठेवायचा की नटाला ऐकू जाईल, पहिल्या रांगेला जाणार नाही.

‘पहिल्या रांगेतला रडायचा थांबला, तं समजायचं आपला आवाज गेला.’

ताईनं वही काढली. मी तिला आजवर कुणाकडून काही लिहून घेताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आरमोरीमार्गे गडचिरोली. वाटेत नद्या, पाणी कमी, वाळू पुष्कळ. ड्रायव्हरला अंधाराआधी पोचायचं होतं. वाघाची भीती इथल्या लोकांना सवयीची आहे, पण २०२१ च्या शेवटी छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप आला आणि तेव्हापासून रात्रीच्या रस्त्याचं गणित बदललं. हत्ती पाहायचा होता का, असं विचाराल तर हो. त्या गाडीतून? नाही.

तिसरा दिवस : मेंढा (लेखा)

गडचिरोलीहून धानोरा रस्त्यानं तीसेक किलोमीटरवर मेंढा. कठाणी नदीच्या आसऱ्यानं वसलेलं पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा ज्यांनी ऐकली आहे त्यांना या गावाचं नाव सांगायला नको. आम्ही महिनाभर आधी कळवलं होतं. ग्रामसभेला विचारल्याशिवाय इथं येऊन प्रश्न विचारत फिरायचं नसतं, आणि मला ते फार आवडलं.

थोडा इतिहास, कारण ताईच्या कामाचं मूळ तिथं आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इचमपल्ली ही दोन धरणं यायची होती. त्यांच्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालशाम शाह महाराज त्यात होते. ती धरणं झाली नाहीत. आंदोलन ओसरल्यावर बहुतेक ठिकाणी लोक घरी जातात. इथं गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी प्रश्न पुढे नेला : आपल्या जंगलाबद्दल ठरवायचं कुणी? २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मेंढ्याला मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी हे एक. तरी स्वतःच्या हक्काचा बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. त्यासाठी आणखी दोन वर्षं गेली. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कायदा कागदावर होता आणि अडलं होतं तेही एका कागदावर.

दुपारी एका घरी जेवलो. भात, लाखोळीचं वरण, वांगी, जवसाची चटणी. यजमान साठीचे, मितभाषी. ताईनं विचारलं, ग्रामसभेत कोण जास्त बोलतं?

‘बोलते ना. सगळे बोलतेत.’

म्हणजे मतदान?

‘मतदान नाई. सगळ्यांचं होय झालं पाहिजे. एकाचंही नाई असलं तं थांबायचं.’

किती?

‘होय होईपर्यंत.’

सर्वसहमती हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. त्याला किती वेळ लागतो हे त्या माणसाच्या जेवण्याच्या संथ गतीवरून कळलं. शिवाय ग्रामसभेत निर्णय होण्याआधी विषय समजून घेण्यासाठी इथं अभ्यास गट बसतो. कायदे वाचतात, बाहेरच्या माणसांना बोलावून प्रश्न विचारतात. अभ्यास गटात ठरवत नाहीत, ग्रामसभेत शिकवत बसत नाहीत. हा फरक आमच्या बँकेच्या मीटिंगांना कुणी समजावला असता तर माझी सहा-सात वर्षं तरी वाचली असती.

परतताना ताई गप्प होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘मी उद्या काय शिकवायचं ठरवलंय ते बहुतेक चुकीचं आहे.’

चौथा दिवस : नाव न लिहिलेलं गाव

या गावाचं नाव लिहीत नाही. धानोरा तालुक्यातलं, रस्त्यापासून आत, एवढं पुरे. तिथल्या ग्रामसभेनं ताईला बोलावलं होतं.

अठ्ठावीस बाया, सहा-सात पुरुष, आणि बारावी झालेली एक मुलगी, जी गोंडीचं मराठी आणि मराठीचं गोंडी करत होती. उन्हात बसलो. ताईनं नेहमीच्या पद्धतीनं सुरुवात केली. पाय रोवा, पोटातून श्वास घ्या, समोरच्या मोहाच्या झाडाला ऐकू जाईल असं स्वतःचं नाव सांगा.

कुणी सांगेना. हसू, कोपरखळ्या, पदर तोंडावर. तासभर हेच चाललं. ताईचं कपाळ घामेजलं, जानेवारीत.

शेवटी एक पन्नाशीची बाई म्हणाली, ‘आमच्या इथं मोठ्यानं बोललं तं पिऊन आला म्हणतेत.’

सगळे खो-खो हसले आणि ताई मटकन खाली बसली. मेंढ्याच्या त्या जेवणात तिला जे खटकलं होतं ते हेच. ज्या गावात शेवटच्या माणसाचं ‘होय’ होईपर्यंत थांबतात तिथं आवाज चढवायची गरजच पडत नाही. चढवला तर संशय येतो. आणि आपण त्यांना झाडापर्यंत ओरडायला सांगत होतो.

दुपारी तिनं सगळं बदललं. जनसुनावणी कशी घ्यायची ते सांगणारी २००६ ची पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना तिनं सोप्या मराठीत सांगायला घेतली आणि मुलीनं गोंडीत. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते, आणि जिथं वर्तमानपत्र पोचत नाही तिथं दवंडी पिटून. दवंडी सरकारी नियमात आहे, हे ऐकून कोतवालाच्या घरातला एक म्हातारा खूश झाला. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी. सगळ्याचं चित्रीकरण. इतकी माणसं हवीतच, अशी गणसंख्येची अट नाही. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची संधी. आणि सर्वांत शेवटी, ताई इथं थांबली, झालेल्या बोलण्याचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा, मगच सही.

‘त्यांच्या भाषेत म्हणजे?’ त्या मुलीनं स्वतःच विचारलं.

गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तिला तशी सरकारी कागदावर फारशी जागा नाही. ताई म्हणाली, ‘तुम्ही मागा. अनुवाद करणारी तर इथंच बसली आहे.’ मुलगी लाजली नाही. मान हलवली.

मग प्रॉम्प्टर आला. म्हणजे वडशाची युक्ती. बोलणारीच्या मागे एकीनं बसायचं, मुद्दे तिच्या ध्यानात. बोलणारी श्वास घेईल तेव्हा फक्त पहिला शब्द कानात सांगायचा. इतकी वेळ लाजणाऱ्या बाया या कुजबुजीच्या खेळात अशा रमल्या की चहा थंड झाला. नाटकात काम करणाऱ्यासारखं एकीनं मुद्दाम चुकीचा शब्द दिला आणि बोलणारी नाल्यावरून थेट सासूवर गेली.

रात्री शेकोटी. रेला, म्हणजे गोंडी फेरगाणी, म्हणत काही मुली फेर धरून नाचल्या, मोठ्या बायाही शिरल्या. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. ताई फेरात गेली नाही. कान देऊन बसली. कुणाचाच आवाज वर नव्हता आणि तरी तो पलीकडच्या टोल्यापर्यंत, म्हणजे वस्तीपर्यंत, जात होता.

*जाणार असाल तर :* मच्छरदाणी घ्याच. हिवतापाचा त्रास या जिल्ह्यात फार. मोबाइलला रेंज काही गावांत एखाद्या झाडाखालीच असते, ते झाड कुठलं ते पोचल्यावर विचारून घ्या. रोख पैसे जवळ ठेवा, ओळखपत्रही. आणि फोटो विचारून काढा. नाही म्हणाले तर नाही.

पाचवा दिवस : सुनावणी, खोटी खोटी

सकाळी शाळेतून टेबल आणलं. ताई झाली अधिकारी. एक तरुण झाला कंपनीचा माणूस, त्यानं उसना गॉगल लावला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी झाले कारकून. कागद, पेन, खाली कार्बन. तर यासाठी मला आणलं होतं.

विषय ताईनं मुद्दाम मोघम ठेवला : नाल्याच्या वरच्या अंगाला ‘काहीतरी’ होणार आहे. एकेक जण बोलू लागला. मी भराभर लिहीत होते. हात जुनाच, सवय जुनीच.

मग कालची पन्नाशीची बाई उठली. गोंडीत बोलायला लागली. हळू, खाली बघून. मागे तिची प्रॉम्प्टर. मला त्या बोलण्यातला एकच शब्द ओळखू येत होता : येर, म्हणजे पाणी. मी उगाच मोजले, नऊ वेळा आला. मुलगी तुकड्यातुकड्यानं मराठी करून सांगत होती. पाचेक मिनिटांनी बाई खाली बसली.

ताईनं अधिकाऱ्याच्या आवाजात फर्मावलं, इतिवृत्त वाचून दाखवा.

मी वाचायला घेतलं. तिच्या नावापुढे माझ्याच सुवाच्य अक्षरात होतं : ‘सदर महिलेने नाल्याच्या पाण्याबाबत हरकत नोंदविली.’

वाचता वाचताच माझे कान गरम झाले. ताईच्या प्रयोगाला मी तीनदा गेले होते. तिन्ही वेळा मनातल्या मनात त्या कारकुनाला शिव्या घातल्या होत्या. आणि कुणी दबाव आणला नव्हता, कुणी पैसे चारले नव्हते. मला फक्त लिहायची घाई होती, आणि माझ्या हाताला ‘सदर’ आणि ‘बाबत’ येतं.

मुलीनं ते वाक्य गोंडीत सांगितलं. फार वेळ लागला नाही सांगायला. बाई माझ्याकडे पाहत राहिली. मग मराठीत म्हणाली, ‘एवढंच बोलली का मी?’

कुणी हसलं नाही.

ती उठली, टेबलापाशी आली, माझ्या कागदावर बोट ठेवलं. ‘लिव.’ आणि पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी एक वाक्य बोलायची, थांबायची, माझं पेन पाहायची. पेन थांबलं की विचारायची, ‘लिवलं का, बाई?’ मी हो म्हटलं की पुढचं. मध्ये एकदा मी अर्धं लिहून हो म्हटलं. तिला वाचता येत नाही, पण पेन किती वेळ चाललं ते दिसतं. ‘नाई लिवलं,’ ती म्हणाली.

नाला कोणत्या महिन्यात आटतो. आटल्यावर रेतीत झरा कुठे खणतात, किती हात खणलं की पाणी लागतं. खेकडे कोणत्या दगडांखाली. मासे कोणत्या महिन्यात धरतात आणि कोणत्या महिन्यात धरायचे नाहीत असं गावानं ठरवलंय. बाळंतिणीला कोणत्या डोहाचं पाणी देतात. जनावरं कुठून उतरतात. वरून गढूळ आलं तर यातलं पहिलं काय बंद पडेल, मग काय. वीस ओळी झाल्या. कुठेही ‘हरकत’ हा शब्द तिनं वापरला नव्हता. तो माझा होता.

ताईनं अधिकाऱ्याची खुर्ची सोडली आणि मांडी घालून खाली बसली. उरलेली सकाळ तिनं काहीच शिकवलं नाही. त्या बाईनंच बाकीच्यांना शिकवलं : पेनाकडे बघा, चेहऱ्याकडे नको. पेन थांबेपर्यंत पुढचं बोलू नका. झालं की वाचायला लावा. चुकलं तर परत. एकेक बाई येऊन टेबलापाशी उभी राहत होती आणि माझा हात भरून येत होता. दुपारी दोनपर्यंत सोळा पानं झाली. कंपनीच्या माणसानं गॉगल काढून ठेवला होता. त्याला त्याच्या आजीचा मुद्दा सांगायचा होता.

जेवण झाल्यावर मी कागद पिशवीत ठेवायला लागले तर मुलीनं हात पुढे केला. ‘ते इथं राहतील.’ ताईला तिच्या प्रयोगासाठी ते हवे होते, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं मागितले. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात होती, तिथं विचारू असं उत्तर मिळालं. कार्बनची प्रतही राहिली.

वडशाहून रात्रीची गाडी होती. ती तीन तास उशिरा आली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फलाटावर ताईनं दोनदा विचारलं, मासे न धरायचा महिना कोणता म्हणाली ती? मला आठवत होतं. सांगितला नाही.

घरी आल्यावर हे लिहायचं ठरवलं तेव्हा त्या मुलीला फोन केला. तिनं ग्रामसभेत विषय ठेवला, त्याला दोन बैठका लागल्या. निरोप आला : गावाचं नाव नको, बायांची नावं नकोत, महिने आणि जागा नकोत, बाकी लिहा. लिहून झालं की वाचून दाखवा.

परवा वाचून दाखवलं. ती रेंजच्या झाडाखाली, फोन स्पीकरवर, मागे पाच-सहा जणी. दोनदा फोन तुटला. ताईच्या पथ्यावर आणि तर्रीवर हसल्या. चौथ्या दिवशीचा एक भाग काढायला सांगितला, म्हणून तो दिवस जरा तोकडा आहे.